लाल दिवा चालू असताना

आमच्या घरात दिवे, पंखे, गॅस आणि पाण्याची मोटर बंद करण्याचं खातं माझ्याकडे आहे. कुणी खोलीतून उठून गेलं आणि पंखा फिरतच राहिला, की मी तपासायच्या वह्या बाजूला ठेवून उठते आणि बटण दाबते. मुलं हसतात. धाकटी म्हणते, ‘‘अम्मी का बस चले तो चाँद भी बुझा दे।’’ इसराफ, म्हणजे उधळपट्टी, टाळावी हे लहानपणापासून ऐकत आलेलं. त्यामुळे या सवयीचं मला मनातून कौतुकच वाटायचं. पण मागच्या हिवाळ्यात याच सवयीनं मी माझ्या मुलाचं चालतं काम बंद पाडलं. ही त्या रात्रीची हकिकत. चूक माझी होती, म्हणून मीच लिहिते आहे. आता घरोघरी मोबाइल, टीव्ही, कॅमेरे ‘अपडेट’ मागत असतात. वाचकांपैकी एखाद्या अम्मीचा हात माझी हकिकत आठवून थांबला, तरी लिहिण्याचं चीज होईल.

मी अंबडला उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माझा थोरला मुलगा लग्नाचे फोटो काढतो. तो बी.एस्सी. झाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्याचं बी.एड. होतं. मी बी.एड. केलं, त्यावर घर उभं राहिलं, तोच रस्ता त्यानं धरावा, एवढाच माझा विचार. पण त्याचं मन कॅमेऱ्यात होतं. दोन वर्षं जालन्याच्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली त्यानं दिवे धरले, वायरी गुंडाळल्या, अल्बम पोहोचवले. त्यातून साठवलेले पैसे आणि माझी लागलेली भिशी मिळून त्यानं एक मिररलेस कॅमेरा सेकंडहँड घेतला. भिशीचे पैसे मी आनंदानं दिले नव्हते. त्याचे अब्बा म्हणाले, ‘‘दे दो, लडका मेहनती है,’’ म्हणून दिले. आणि दिल्यावरही दर आठवड्याला भरतीच्या जाहिराती कापून त्याच्या टेबलावर ठेवणं मी सोडलं नाही. तो त्या वाचायचा, घडी करायचा आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचा. फेकल्या मात्र कधी नाहीत.

मिररलेस म्हणजे काय, हे मला त्यानंच समजावलं. आधीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावरून उडून वर डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि उजेड मागच्या संवेदकावर पडतो. लग्नात आपण ऐकतो तो ‘खट्याक’ आवाज मुख्यतः त्या आरशाचा. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकला आहे. उजेड थेट संवेदकावर पडतो आणि संवेदकाला दिसतं तेच छोट्या पडद्यावर आपल्याला दिसतं. भिंग बदलता येणारा असा पहिला मिररलेस कॅमेरा पॅनासोनिकनं २००८ मध्ये आणला. माझ्या मुलाला त्याचं मोल वेगळ्याच कारणासाठी होतं. हा कॅमेरा हवा तर अजिबात आवाज न करता फोटो काढतो. निकाहच्या वेळी काझीसाहेब विचारतात, सगळं मंगल कार्यालय गप्प असतं, नवरदेव ‘कबूल है’ म्हणतो. त्या क्षणी खट्याक झालं तर चार माना वळतात. या कॅमेऱ्यानं मान वळत नाही.

शाळेत मी मुलांना इब्न अल-हैसम यांच्याबद्दल सांगते. ते बसऱ्याचे. पुढे कैरोत राहून त्यांनी प्रकाशावर ‘किताब अल-मनाझिर’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्याला आता हजार वर्षं झाली. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडाचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थही खोली असाच आहे. मी वर्गात सांगते, की आजचा कॅमेरासुद्धा तीच अंधारी खोली आहे, फक्त लहान झालेली. मुलानं त्यात भर घातली, ‘‘अम्मी, आता त्या खोलीत एक संगणक राहायला आला आहे.’’ त्या संगणकाला काय करायचं हे सांगणारी जी आज्ञावली कॅमेऱ्याच्या आतच साठवलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ मध्ये ॲशर ऑप्लर या संगणकतज्ज्ञानं वापरात आणला. हार्डवेअर म्हणजे हाताला लागणारं यंत्र, सॉफ्टवेअर म्हणजे सहज बदलता येणारी आज्ञावली, आणि या दोहोंच्या मधलं ते फर्मवेअर. चेहरा कसा ओळखायचा, उजेड किती घ्यायचा, बॅटरी किती उरली हे कसं मोजायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

गंमत अशी, की कॅमेरा विकून झाल्यावरही कंपन्या ते सुधारत राहतात. निकॉननं झेड ६ आणि झेड ७ हे कॅमेरे २०१८ मध्ये बाजारात आणले, तेव्हा ते माणसाचा चेहरा ओळखत, पण डोळा नेमका हेरून त्यावर फोकस धरत नसत. मे २०१९ मध्ये आलेल्या फर्मवेअरनं त्यांना ते शिकवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये पुढची आवृत्ती आली, तेव्हा तेच कॅमेरे कुत्र्या-मांजरांचे डोळेही ओळखू लागले. यंत्र तेच, भिंग तेच, गिऱ्हाइकाला एक रुपया खर्च नाही. मला हे ऐकून आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण आठवलं. बाई त्याच, वर्ग तोच, शिकवण्याची रीत तेवढी बदलते. कधीकधी.

माझ्या मुलाच्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर जुनं होतं. आधीच्या मालकानं कधी हातच लावला नव्हता. तरीही काम चालत होतं. मग त्या रात्रीच ते बदलायची गरज का पडली? त्याला दोन कारणं होती.

पहिलं कारण सेहऱ्याचं. नवरदेवाच्या तोंडावर फुलांच्या माळा असतात, नवरीच्या डोक्यावरून दुपट्टा पुढे आलेला असतो. कॅमेरा डोळा शोधायला जायचा आणि मोगऱ्याच्या कळीवर जाऊन बसायचा. फुलं स्पष्ट, नवरदेव धूसर. मुलगा स्वतः हातानं फोकस जुळवून घ्यायचा, पण बायकांच्या बाजूला तो जात नाही. तिथे कॅमेरा घेऊन माझी धाकटी जाते. ती बारावीला आहे, हात अजून कच्चा आहे. अर्धवट झाकलेला चेहराही ओळखता येईल अशी सुधारणा नव्या आवृत्तीत केल्याचं कंपनीनं जाहीर केलं होतं. भावाला वाटलं, बहिणीचं काम सोपं होईल.

दुसरं कारण नवरीच्या अम्मीचं. आमच्याच मोहल्ल्यातलं घर. त्या माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या होत्या, ‘‘बाजी, तुमच्या घरचं काम म्हणून देतोय. पण जनान्यातले फोटो बाहेर तर जाणार नाहीत ना? हल्ली कॅमेऱ्यालाही वाय-फाय असतं म्हणे.’’ मी हसण्यावारी नेलं. मुलानं मात्र नेलं नाही. त्यानं सांगितलं, की ऑगस्ट २०१९ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी कॅननच्या ईओएस ८०डी या कॅमेऱ्यात वाय-फायमार्फत शिरून कार्डातले सगळे फोटो कुलूपबंद करून दाखवले होते. तो त्यांचा प्रयोग होता. तेव्हा कुणा गिऱ्हाइकाचं असं नुकसान झाल्याचं आढळलं नव्हतं. पण कॅननला त्यामुळे सूचना काढावी लागली आणि सुधारलेलं फर्मवेअर द्यावं लागलं. सूचनेच्या यादीत मिररलेस कॅमेरेही होते. ‘‘लोक आपल्या बायका-मुलींचे फोटो आपल्या हातात देतात. ही अमानत आहे, अम्मी. दार नीट लावायची सोय असेल तर लावायला नको?’’ असं तो म्हणाला. मी त्या वेळी होकार दिला आणि भाजी फोडणीला टाकली. आपला मुलगा या कामाकडे कसं बघतो, हे त्या वाक्यात पुरतं होतं. मला ते ऐकू आलं, पण मी ते ऐकलं नाही.

लग्न रविवारी होतं. शनिवारी रात्री इशानंतर तो अपडेटला बसला. ही त्याची चूक, आणि त्यानं ती नंतर स्वतःच कबूल केली. लग्नाच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याला नवं काही शिकवायला जाऊ नये. पण बाकी सगळं त्यानं रीतसर केलं. बॅटरी पूर्ण भरली, कार्ड रिकामं केलं, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवली, कार्डात घातली आणि काम सुरू केलं. कॅमेरा टेबलावर ठेवला. तेवढ्यात बाहेरून हाक आली. नवरीचा भाऊ मेहंदीच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह मागायला आला होता. मुलगा दाराशी गेला.

मी खोलीत आले ती पाण्याचा तांब्या ठेवायला. टेबलावर कॅमेरा. पडदा काळा. कडेला बारीक लाल दिवा पेटलेला. माझ्या मनात आलं ते असं: पोरगं कॅमेरा चालूच ठेवून गेलं, रात्रभर बॅटरी उतरेल आणि उद्या लग्नात ऐन वेळी बंद पडेल. मी बंद करायचं बटण सरकवलं. दिवा विझेना. मग मला वाटलं, बॅटरीच काढून चार्जिंगला लावावी. मुलाला कॅमेरा साफ करताना पाहिलं होतं, त्यामुळे खालचं झाकण कसं उघडतं ते ठाऊक होतं. मी बॅटरी काढली. लाल दिवा विझला. बॅटरी चार्जरमध्ये बसवली, खोलीतला दिवा मालवला आणि एक काम हातावेगळं केल्याच्या समाधानात झोपायच्या तयारीला लागले.

दहा मिनिटांनी आवाज आला, ‘‘अम्मी, बॅटरी किसने निकाली?’’

आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मी घाबरले. ‘‘मैंने। चार्जिंग को लगाई। क्यूँ?’’

तो काही बोलला नाही. बॅटरी घातली, बटण सरकवलं. काही नाही. दुसरी बॅटरी घातली. काही नाही. कार्ड काढून पाहिलं, भिंग काढून पाहिलं. पडदा काळा, दिवाही नाही. सव्वाशे ग्रॅमचा दगड असो की सातशे ग्रॅमचा, दगड तो दगड. तो खुर्चीवर बसून राहिला. मी दारात उभी. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला एका शब्दानं दुखावलंही नाही. तो ओरडला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

काय झालं होतं, ते मला नंतर कळलं. नवं फर्मवेअर लिहिताना कॅमेरा आधी जुनं पुसतो आणि त्या जागी नवं उतरवतो. काही उपकरणांत जुनी प्रत बाजूला जपून ठेवलेली असते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी ती परत जुन्यावर येतात. सगळ्यांत तशी सोय नसते. मी फळ्याचा दृष्टान्त देते. फळ्यावरचा जुना धडा पुसला, नवा निम्मा लिहिला आणि कुणीतरी खडू हिसकावून घेतला. आता मुलांसमोर ना जुना धडा, ना नवा. कॅमेऱ्याला चालू कसं व्हायचं हेसुद्धा त्याच धड्यात लिहिलेलं असतं. म्हणून तो चालूच होत नाही. आणि काळा पडदा म्हणजे बंद कॅमेरा नव्हे. काही मॉडेलांत लिहिण्याचं काम चालू असताना पडदा विझतो आणि फक्त तो लाल दिवा सांगत राहतो, की आत काम चाललं आहे.

लाल दिव्याचं तर मला कळायलाच हवं होतं. माझे मामू जालन्यात एका स्टुडिओत कामाला होते. सुट्टीत आम्ही मुलं तिथे जायचो. मागे डार्करूम होती आणि तिच्या दारावर लाल बल्ब. बल्ब पेटला की दाराला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. आत कागदावर फोटो उमटत असतो, बाहेरचा उजेड आत गेला की सगळे कागद काळे. एकदा स्टुडिओच्या मालकांनाही मामूंनी बाहेर थांबवून ठेवलं होतं, आणि मालक निमूटपणे थांबले होते. सात वर्षांची मी तो नियम पाळत होते. चाळीशी ओलांडलेली, बी.एड. झालेली मी, तो विसरले.

रात्री साडेअकराला मुलानं फोन केला तो अंबडमधल्याच एका जुन्या फोटोग्राफरांना. मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या यात्रेत त्यांनी वर्षानुवर्षं लोकांचे फोटो काढले. सगळे त्यांना काका म्हणतात. खरं तर धंद्यातले प्रतिस्पर्धी. काकांनी कारण ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘सकाळी सातला ये. माझा जुना डीएसएलआर घेऊन जा.’’ भाड्याचं विचारल्यावर म्हणाले, ‘‘आईला सांग, रडू नको म्हणावं. माझ्या बायकोनं एकदा धुतलेली फिल्म उन्हात वाळत घातली होती.’’ असं खरंच घडलं होतं की माझं मन राखायला त्यांनी रचलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

लग्न पार पडलं. फोटो आले. ‘कबूल है’च्या वेळी खट्याक झालं, माना वळल्या. जनान्यात माझ्या धाकटीला तो जड कॅमेरा पेलेना, बरेच फोटो हलले. नवरीच्या अम्मी चांगल्या. काही बोलल्या नाहीत. मुलानं आपणहून ठरल्यापेक्षा कमी पैसे घेतले.

सोमवारी मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर निघाले. अंबडहून जालना, जालन्याहून बदनापूरवरून छत्रपती संभाजीनगर. एसटीत कॅमेऱ्याची पिशवी मी मांडीवर घेतली होती. दुरुस्ती केंद्रातल्या मुलानं कॅमेरा पाहिला, विचारलं, ‘‘अपडेटच्या मध्ये बॅटरी निघाली का?’’ माझा मुलगा म्हणाला, ‘‘हो, निघाली.’’ कुणी काढली ते सांगितलं नाही. मी म्हणाले, ‘‘मी काढली.’’ तो हसला नाही. म्हणाला, ‘‘मॅडम, महिन्याला एखादा असा येतोच. कुणाची बॅटरी कमी असते, कुणी घाई करतं.’’ कॅमेरा पुढे मुंबईला गेला. कधी आज्ञावली पुन्हा लिहून भागतं, कधी मुख्य बोर्ड बदलावं लागतं. आमचं बोर्ड बदलावं लागलं. साडेचौदा हजार रुपये आणि तीन आठवडे. पैसे मी भरले, त्यात उपकार काही नव्हता. पण त्या तीन आठवड्यांत दोन लग्नांचं काम गेलं, ते मला भरून देता आलं नाही.

त्या तीन आठवड्यांत मी प्रथमच त्याच्या टेबलाशी बसले. त्यानं काढलेले फोटो पाहिले. एका लग्नात नवरीचा बाप हात धुण्याच्या नळापाशी एकटाच उभा राहून रुमालानं डोळे पुसतो आहे. तो फोटो त्यानं अल्बममध्ये घातला नव्हता, फक्त मुलीला वेगळा दिला होता, वडिलांना विचारून. ड्रॉवर उघडला तर माझ्या जाहिराती तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या. सगळ्यांत वरच्या जाहिरातीची शेवटची तारीख होऊन गेली होती. मी तो गठ्ठा काढला आणि रद्दीत टाकला. त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही.

कॅमेरा परत आला तो नवी आवृत्ती घालूनच. पण भिंगालाही स्वतःचं फर्मवेअर असतं, आणि त्याची सुधारणा बाकी होती. मुलगा म्हणाला, ‘‘अम्मी, बसा. या वेळी तुमच्यासमोर करतो.’’ दिवस मुद्दाम बुधवार निवडला, पुढचं लग्न दहा दिवसांवर. सूचनांचा कागद त्यानं माझ्या हातात दिला, मी वाचत गेले आणि तो करत गेला. ते क्रमानं लिहिते, कारण कुणाच्या तरी घरी हे उपयोगी पडेल.

आधी मेनूमध्ये जाऊन आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते पाहायचं. मग कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नेमक्या आपल्या मॉडेलचं पान उघडायचं. नावात एका अक्षराचा किंवा आकड्याचा फरक असला तरी ती फाइल आपली नव्हे. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल तर घ्यायचीच नाही. नव्या आवृत्तीत काय बदललं आहे ते वाचायचं. आपल्या उपयोगाचं काही नसेल आणि सुरक्षेचीही दुरुस्ती नसेल, तर घाई नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांत एकदा पुढे गेलं की जुन्या आवृत्तीवर परत येता येत नाही.

करायचं ठरलं, की कार्डातले फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचे आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. फाइल कार्डावर ठेवताना ती कोणत्याही फोल्डरच्या आत नाही, अगदी बाहेर ठेवायची, नाहीतर बहुतेक कॅमेऱ्यांना ती सापडत नाही. फाइलचं नाव बदलायचं नाही. बॅटरी कंपनीचीच आणि पूर्ण भरलेली. मग मेनूतून सुरुवात. काही कंपन्यांचे कॅमेरे कार्डाऐवजी संगणकाला वायर जोडून किंवा मोबाइलच्या ॲपमधून हे करतात, म्हणून आपल्या कॅमेऱ्याचा कागद वाचणं हेच खरं. एकदा सुरू झालं, की बटण नाही, झाकण नाही, भिंग नाही, कशालाही हात लावायचा नाही. पूर्ण झाल्याचं कॅमेरा स्वतः सांगतो. त्यानंतर बंद करून पुन्हा चालू करायचा, आवृत्तीचा आकडा तपासायचा, तारीख-वेळ आणि आपल्या सेटिंग जागेवर आहेत का ते पाहायचं, आणि घरातल्या घरात दहा-वीस फोटो काढून बघायचे. कार्ड पुन्हा फॉरमॅट केलं, की झालं.

आमचं काम अर्ध्यावर असताना मोहल्ल्यातले दिवे गेले. मी दचकून उठले. मुलगा म्हणाला, ‘‘बसा, अम्मी. कॅमेरा बॅटरीवर आहे. त्याला दिव्यांशी घेणं नाही.’’ अंधारात त्या खोलीत फक्त तो लाल ठिपका होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मला वाटतं चारेक मिनिटं गेली असतील. मला एवढा वेळ त्याच्या शेजारी काही न सांगता, काही न विचारता बसल्याचं आठवत नाही. तोच मग बोलू लागला. जालन्याला दिवे धरायचा तेव्हा सुरुवातीला लोक त्याला जेवायलाही विचारायचे नाहीत, ते सांगितलं. पुढे मागे स्वतःचा स्टुडिओ काढायचा आहे, बहिणीला शिकवून बायकांच्या बाजूचं सगळं काम तिच्याकडे द्यायचं आहे, ते सांगितलं. हे सगळं त्याच्याजवळ आधीपासून होतं. मी दर वेळी मध्येच जाहिरात पुढे करत होते.

शाळेत माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. घरी मराठीचा गंध नाही. वाचताना जोडाक्षरापाशी अडतो. आजवर तो अडला की मी शब्द पुरवायचे, वर्गाचा वेळ वाचवायचे. आता थांबते. परवा ‘विद्यार्थ्यांच्या’ या शब्दाशी तो इतका वेळ झगडला, की मागच्या बाकावर खसखस पिकली. मी हातानं गप्प केलं आणि थांबले. त्यानं शब्द पुरा केला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या ओळीला लागला.

कॅमेरा आता बरा चालतो. मोगऱ्याच्या कळीवर अजूनही अधूनमधून जाऊन बसतो, पण पूर्वीइतका नाही. पुढच्या लग्नात धाकटीनं काढलेले फोटो नवरीच्या घरच्यांना आवडले. काकांचा डीएसएलआर परत करताना मी डबाभर शीरखुर्मा पाठवला, तर डब्यात त्यांच्या बागेतल्या मोसंब्या आल्या.

मुलाच्या टेबलावर एक पुठ्ठा उभा केलेला असतो. त्यावर उर्दूत आणि मराठीत, दोन्ही माझ्याच अक्षरात, लिहिलं आहे: ‘काम चालू आहे, हात लावू नये.’ दिवे-पंखे बंद करण्याचं खातं अजून माझ्याकडेच आहे. फक्त बटण दाबण्याआधी मी खोलीच्या दारात उभी राहून विचारते, ‘‘बंद करू का?’’ उत्तर येईपर्यंत थांबते.